कामाच्या ठिकाणचा भेदभाव: तक्रार कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत

‘साहेब दुजाभाव करतात, माझ्यावर अन्याय होतोय’ एवढंच लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावरून पुढे सरकत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला तुमची कळकळ समजली तरी त्याला तीन गोष्टी हव्या असतात: भेदभाव कशावरून झाला, कोणत्या तारखेला झाला आणि कोणत्या कायद्याखाली दाद मागताय. यातली पहिली गोष्ट चुकली की बाकीच्या दोन आपोआप चुकतात, कारण आपल्याकडे खाजगी नोकरीतला सगळा भेदभाव कवेत घेणारा एक कायदाच नाही. वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळे कायदे आहेत. प्रत्येकाचं दार निराळं आणि मुदतही निराळी. इंदूर आणि आसपास नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ती इथे मांडतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५ आणि १६ मधली समानतेची हमी मुख्यतः सरकारविरुद्ध चालते. म्हणून सरकारी नोकराची वाट त्या मानाने सरळ आहे. मध्यप्रदेश शासनाचा कर्मचारी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जाऊ शकतो, केंद्राचा कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या जबलपूर पीठाकडे. खाजगी कंपनी, कारखाना, पेढी, दुकान, शाळा किंवा दवाखान्यात काम करणाऱ्याला मात्र आधी स्वतःचं कारण नेमकं ओळखावं लागतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

एक कटू गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘मी मराठी आहे म्हणून बढती दिली नाही’, ‘वय झालं म्हणून काढलं’, ‘धर्म पाहून मुलाखतीतच नकार दिला’ यासाठी खाजगी मालकाविरुद्ध थेट दाद देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. म्हणजे काहीच करता येत नाही असंही नाही. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असाल, तर औद्योगिक संबंध संहितेत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. गुणवत्ता सोडून एका गटावर मेहेरनजर करणं, आकसाने कामावरून काढणं, वाईट हेतूने बदली करणं हे सगळं त्या यादीत आहे. कामगार म्हणजे फक्त मशीनवरचा माणूस, असंही नाही. कारकुनी आणि तांत्रिक काम करणारेही त्यात येतात. कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून कोणी आपोआप बाहेर पडत नाही, प्रत्यक्षात तो काय काम करतो हे पाहिलं जातं. सुपरवायझरच्या बाबतीत मात्र पगाराची मर्यादा आहे: महिना १८,००० रुपयांच्या वर गेला की तो कामगार धरला जात नाही.

पगारातला भेद

१९७६ चा समान वेतनाचा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे. ही संहिता आणि वरची औद्योगिक संबंध संहिता धरून चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून कमी-जास्त पगार देता येत नाही, आणि कामावर घेतानाही असा भेद करता येत नाही. ही तरतूद व्यवस्थापकीय पदावरच्या माणसालाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

समजा, सांवेर रोडवरच्या एका पॅकिंग युनिटमध्ये दोघं जण एकाच सीलिंग मशीनवर पाळीपाळीने बसतात. त्याला महिन्याला १७,००० मिळतात, तिला १४,५००. पगारपत्रकात त्याच्या नावापुढे ‘ऑपरेटर’ आणि तिच्या नावापुढे ‘हेल्पर’. मालकाचा बचाव बहुतेक वेळा या दोन शब्दांतच असतो. कायदा पदनामावर थांबत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, आणि कामाची परिस्थिती सारखी आहे का, हे तो बघतो. म्हणून इथे तिच्या पगाराच्या पावतीइतकाच मोलाचा कागद म्हणजे पाळीचा तक्ता: ज्या आठवड्यात तो रात्रपाळीला होता, त्या आठवड्यात दिवसा त्याच मशीनवर तिचं नाव. असे चार-पाच आठवड्यांचे तक्ते हाती असले की ‘हेल्पर’ या शब्दाचं वजन उतरतं.

दावा तीन वर्षांच्या आत करायचा. वरच्या उदाहरणात फरक महिन्याला २,५०० म्हणजे ३६ महिन्यांचे ९०,००० रुपये. अर्जात हा हिशेब महिन्यागणिक मांडा, एकगठ्ठा आकडा लिहू नका. अधिकारी थकबाकीशिवाय दाव्याच्या दहा पटींपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो. दावा मंजूर झाला तर मालकाने तिचा पगार वाढवायचा आहे. त्याचा पगार खाली आणून बरोबरी करायला संहितेत स्पष्ट मनाई आहे. हे सहकाऱ्यांना सांगून ठेवा, म्हणजे साक्ष द्यायला ते घाबरणार नाहीत.

दार लेबर ऑफिसचं. मध्यप्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय राजधानीत नसून इंदुरातच आहे, ही इथल्या माणसाची सोय. बँक, रेल्वे आणि विमा मात्र केंद्रीय श्रम यंत्रणेखाली येतात. तो अर्ज राज्याच्या कार्यालयात दिला तर महिना-दोन महिन्यांनी ‘हमारे अधिकार क्षेत्र में नहीं’ असा शेरा मारून परत येतो, आणि तोवर तुमची मुदत चालूच असते.

लैंगिक छळ: इथे दिवस सगळ्यात कमी

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला. अंगाला हात लावणं एवढाच त्याचा अर्थ नाही. ‘माझं ऐकलंस तर बढती’, ‘नाही तर करार वाढणार नाही’ असं सूचित करणं, त्या हेतूने कामात अडथळे आणणं, वातावरण नकोसं करणं हेही त्यात धरलं आहे. पगारी नोकर असण्याची अट नाही. कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, कामानिमित्त आलेली बाई, कोणीही तक्रार करू शकते. कंपनीने दिलेली बस किंवा टॅक्सी हीही कामाची जागा आहे. संरक्षण मात्र फक्त स्त्रियांना आहे. पुरुषाला कंपनीचे सेवा नियम किंवा सर्वसाधारण फौजदारी कायदाच धरावा लागतो.

जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरचा सदस्य आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया. समिती नेमलीच नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सियागंज किंवा क्लॉथ मार्केटच्या दुकानात चार-पाच माणसं असतात, तिथे अशी समिती नसणारच. त्यांच्यासाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर सगळ्यांसाठीच, जिल्ह्याची स्थानीय समिती आहे. जिल्हा प्रशासनात किंवा महिला एवं बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात तिच्या अध्यक्षांचं नाव विचारा. घरकाम करणाऱ्या बाईचं दारही हेच.

इथे इंदूरकरांची एक ठरलेली चूक होते. घर सुदामा नगरला, कंपनीची बस राजेंद्र नगरवरून पकडायची, काम पीथमपूरला. तक्रार इंदूरच्या समितीकडे दिली जाते. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, त्यामुळे स्थानीय समितीही धारचीच. समिती कामाच्या जागेवरून ठरते, तुमच्या घराच्या पत्त्यावरून नाही.

मुदत तीन महिने. घटना एकच असेल तर त्या दिवसापासून, मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. शेवटचा मेसेज ४ मार्चला आला असेल तर ४ जूनपर्यंत तक्रार पोचली पाहिजे. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण ते कारण तिला लेखी नोंदवावं लागतं. म्हणून तुम्हीही ते लेखीच द्या: आजारपण असेल तर डॉक्टरचा कागद, धमकी असेल तर तिची तारीख. नोकरी सोडली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. एचआरला तोंडी सांगितलं किंवा व्हॉट्सॲपवर ‘मॅडम बोलायचं होतं’ असं टाकलं, ही तक्रार नव्हे. कायद्याला लेखी तक्रार लागते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या. सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. समिती सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवते, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत संपवायची, अहवाल पुढच्या दहा दिवसांत द्यायचा आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कारवाई करायची. चौकशीत दोन्ही बाजूंना वकील उभा करता येत नाही. त्यामुळे स्वतःचं म्हणणं तारखेनुसार सांगता येणं फार महत्त्वाचं. वकिलाचा सल्ला आधी घ्यायला काही हरकत नाही.

चौकशी चालू असताना त्याच्याच हाताखाली काम करत बसायची गरज नाही. लेखी मागितलंत तर समिती तुमची किंवा त्याची बदली, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा त्याने तुमचा कामाचा शेरा लिहू नये अशी शिफारस करू शकते. ‘आपणहून मिळेल’ म्हणून थांबू नका. मागितल्याशिवाय मिळत नाही.

समितीची रचनाही पहिल्याच दिवशी तपासा. नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावणं मालकाचं कर्तव्य आहे. बाहेरचा सदस्य नावापुरता असतो आणि सुनावणीला येतच नाही, असं बऱ्याचदा होतं. अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर नसतील तर ती सुनावणी नियमात बसत नाही, आणि तुमच्या बाजूने लागलेला निर्णयही पुढे याच मुद्द्यावर अडतो. प्रत्येक तारखेला कोण कोण हजर होतं हे लिहून ठेवा.

सुरुवातीलाच ‘मिटवून टाका’ असा दबाव येतो. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा पाया असू शकत नाही. समेटावर सही झाली की चौकशी बंद होते. नको असेल तर ‘मला समेट नको, चौकशी हवी’ एवढी ओळ लिहून द्या. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. कारवाई होते ती जाणूनबुजून खोटी तक्रार किंवा बनावट कागद दिला तरच. आणि चौकशीतलं काहीही सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. गोपनीयतेचं बंधन सगळ्यांवर आहे.

हे सगळं करताना पोलिसांत जायचा मार्ग बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

बाळंतपण, जात, अपंगत्व

आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्या रजेत, किंवा रजेमुळे, कामावरून काढणं बेकायदा आहे. काढलं तर आदेश हाती पडल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं. बहुतेक प्रकरणं एकाच जागी लटकतात: रजेची सूचना तोंडी दिलेली असते आणि मालक म्हणतो, ‘ती न सांगता गैरहजर होती.’ डॉक्टरच्या दाखल्यासह लेखी सूचना द्या आणि त्याची पोच घ्या.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान किंवा बहिष्कार झाला तर वाट पोलिसांची, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली. कुठलंही ठाणं चालतं, जिल्ह्याचं अजाक (अनुसूचित जाती कल्याण) ठाणं खास यासाठीच आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पण अपमानाच्या कलमात ‘लोकांच्या नजरेसमोर’ अशी अट आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना बोललेले शब्द त्यात बसत नाहीत असं म्हटलं. म्हणून केबिनचं दार उघडं होतं का, बाहेर कोण बसलं होतं, चहावाला मुलगा आत आला होता का, हे सगळं फिर्यादीत पहिल्यांदाच लिहिलं गेलं पाहिजे. नंतर आठवलं तर ‘रचून सांगितलं’ असा आरोप होतो. इंदूरच्या अनेक मराठी कुटुंबांचे जातीचे दाखले महाराष्ट्रातले आहेत. याद्या राज्यागणिक वेगळ्या असतात, तेव्हा दाखला कुठला आहे हे वकिलाला आधी सांगा.

अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे. त्यात समान संधीचं धोरण खाजगी आस्थापनेलाही बनवावं लागतं, आणि तक्रार राज्याच्या निःशक्तजन आयुक्तांकडे जाते. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खाजगी नोकरीतही लागू आहे.

अर्जातले शब्द

आपण घरी मराठी बोलतो आणि अर्ज हिंदीत लिहितो, कारण इथली कार्यालयं हिंदीत चालतात. नेमकी इथे फार गफलत होते, आणि ती कोणी सांगत नाही. ‘तक्रार’ हिंदीत ‘तकरार’ होते, म्हणजे भांडण. ‘शिकायत’ लिहा. ‘छळ’ तसाच लिहिला तर ‘छल’, म्हणजे फसवणूक. तिथे ‘उत्पीड़न’ किंवा ‘प्रताड़ना’ हवं. ‘साहेबांनी माझी चेष्टा केली’ हे शब्दशः उतरवलं तर हिंदी वाचणाऱ्याला ‘प्रयत्न’ ऐकू येतो. सगळ्यात घातक शब्द ‘राजीनामा’. इथल्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. ‘मुझसे ज़बरदस्ती राजीनामा लिया गया’ असं लिहिलं, तर वाचणारा समजतो की प्रकरण आधीच आपसांत मिटलं आहे. नोकरी सोडल्याचं सांगायचं असेल तर ‘त्यागपत्र’ किंवा ‘इस्तीफ़ा’.

घटना लिहिताना तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि कोण हजर होतं, एवढं प्रत्येक परिच्छेदात यावं. ‘नेहमी’, ‘सतत’, ‘खूप वेळा’ हे शब्द काढून टाका. ‘नेहमी अपमान करतात’ यापेक्षा ‘११ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये सहा जणांसमोर म्हणाले की बाईमाणसाला टार्गेट झेपत नाही’ या वाक्याचं वजन कितीतरी पट आहे. शेवटी नेमकं काय हवं ते लिहा: थकीत रक्कम, बदली, कामावर परत घेणं, लेखी माफी. मागणी नसलेल्या अर्जावर आदेश तरी कसला निघणार?

मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाती असलेलं बरं. कंपनीचा ईमेल राजीनाम्याच्या दिवशीच बंद होतो, तेव्हा स्वतःला आलेली पत्रं, पावत्या, शेरे आधीच छापून घ्या. ग्राहकांच्या याद्या किंवा कंपनीची गुपितं मात्र घरच्या ईमेलवर पाठवू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई सुरू होते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

अर्ज आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. क्रमांक घातल्याशिवाय खिडकी सोडू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने, पोचीसह पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या लिफाफ्यांवरचं ‘रजि. ए.डी.’ आता चालत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

तक्रारीनंतर

तक्रार पोचली की बदलीचा कागद, कामाचे वाईट शेरे किंवा ‘स्वतःहून सोड, नाहीतर अनुभवाचं पत्र मिळणार नाही’ असा निरोप येऊ शकतो. अशा वेळी सही करून नोकरी सोडली तर पुढे ‘जबरदस्तीने सोडायला लावलं’ हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. सही केलीच असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दबावाखाली सही घेतल्याचं पत्र ईमेलने आणि पोस्टाने पाठवा. आठ दिवसांनी पाठवलेल्या पत्राला तेवढी किंमत उरत नाही.

कामावरून काढलेल्या कामगाराने श्रम खात्याच्या सलोखा अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जायचं. वाद त्याच्यापुढे चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला तुमच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. बदल केलाच तर नवी फाइल उघडत बसू नका, त्याच प्रकरणात तो लेखी नोंदवा.

लैंगिक छळाच्या चौकशीचा अहवाल दोन्ही पक्षांना मिळालाच पाहिजे. ‘निर्णय कळवला आहे’ असं तोंडी सांगितलं जातं आणि कागद एचआरच्या कपाटात राहतो. लेखी प्रत मागा आणि मागितल्याची तारीख ठेवा. समितीच्या शिफारशींविरुद्ध किंवा मालकाने त्या अमलात आणल्या नाहीत म्हणून अपील करायला ९० दिवस असतात, आणि हे दिवस शिफारशीपासून मोजले जातात, एचआरने कपाट उघडल्यापासून नाही.